लांब दांड्याचा कॉक

इंजिन जाम झालं ते भागूजीने तेल विकल्यामुळे, हे ऑफिसने गाडी गॅरेजात ओढून आणायच्या आधीच ठरवून टाकलं. भागूजी आमच्या साखर कारखान्याच्या डिझेल पिकअपचा ड्रायव्हर. मी गॅरेज सुपरवायझर, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं.

इंजिनाच्या तळाशी तेलाची परात असते, तिला आम्ही संप म्हणतो. जुनं तेल काढायला संपाला एक बूच असतं. आमच्या पिकअपच्या बुचाचे आटे झिजले होते. म्हणून भोक मोठं करून तिथे कायमचा कॉक, म्हणजे दांड्याने उघडणारी तोटी, बसवायचं ठरलं. मी स्प्रिंगचा आखूड कॉक मागितला. तो दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही.

चीफ इंजिनिअर हसले. स्टोअरमध्ये रसाच्या पाइपचे ढीगभर कॉक असताना नगरहून कशाला मागवायचा, म्हणाले. "दांडा चांगला लांब आहे. उघडा की बंद, दहा पावलांवरून दिसतं."

पाइपावर ते खरंच सोयीचं. पण गाडीखालचं दहा पावलांवरून बघतो कोण? एवढं मी तोंडी बोललो. लिहून दिलं नाही, ही माझी चूक.

आठवडाभरात भागूजी कोपरगावच्या बाजूला एका शेतात ऊसतोडणीवाल्यांना पाण्याची पिंपं द्यायला गेला आणि परतीच्या वाटेवर इंजिन बसलं. संप कोरडा, कॉक उघडा. संध्याकाळपर्यंत सस्पेन्शनचा कागद टाइपही झाला.

"सायेब, तेल इकलं आस्तं तर तीच गाडी पुढं दामटली आस्ती व्हय मी?" भागूजी म्हणाला. "गावात चोर म्हनून तोंड दावू का आता?"

हा साधा प्रश्न ऑफिसात एकालाही पडला नव्हता. मी गाडीखाली शिरलो. कॉकच्या दांड्याला उसाचं पाचट करकचून गुंडाळलेलं होतं. सकाळी सायकल काढून त्या शेतात गेलो. गाडीची चाकं सरीत उतरलेली, पोट वरंब्यावरच्या खोडक्यांना घासत गेलेलं. त्यांत अडकूनच दांडा फिरला होता. तिथूनच पाचटावर तेलाचा काळा पट्टा सुरू होत होता, तो थेट बांधापर्यंत. चोर तेल डब्यात भरतो. शेताला पाजत नाही.

रिपोर्ट लिहून चीफ इंजिनिअरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"यात कॉक कुणी निवडला तेही लिहिलंय तू."

"निवडला होता म्हणून लिहिलंय."

"नोकरी नवी आहे तुझी."

"भागूजीची जुनी आहे, साहेब. गेली असती."

सस्पेन्शन मागे घेतलं. त्याच्या जागी भागूजीला निष्काळजीपणाचा मेमो दिला, कारण त्याने ऑइल प्रेशरचा काटा पाहिला नाही. तो काटा बंद पडल्याची तक्रार त्यानेच महिन्यापूर्वी गॅरेजच्या वहीत लिहिली होती. ती वही मी वर पाठवली. मेमो आजही त्याच्या फायलीत आहे. चीफ इंजिनिअरांना साधी विचारणासुद्धा झाली नाही.

आखूड कॉक मात्र नगरहून तिसऱ्या दिवशी आला. गाडीखाली काय बसवायचं ते ठरवणाऱ्याने आधी एकदा गाडीखाली आडवं व्हावं. ड्रायव्हरला चोर म्हणणाऱ्याने तर व्हावंच.