सुचित्राबाईंचं रोम

रोमन साम्राज्य बुडून दीड हजार वर्षं झाली असतील, पण अबुधाबीत, हमदान रस्त्यामागच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, ते नव्वदच्या दशकात अगदी ठणठणीत होतं. सुचित्रा वर्तक त्याची एकुलती एक नागरिक. पुण्याच्या कॉलेजात आठ वर्षं तिनं प्राचीन जगाचा इतिहास शिकवला होता, आणि त्यातही रोमच्या बायका हा तिचा जीव की प्राण. मग राजनला एका तेलकंपनीच्या कंत्राटदाराकडे इंजिनीअरची नोकरी लागली आणि १९९३ साली ती, राजन आणि सहा वर्षांची अवनी सामानसुमान बांधून इकडे आली. पासपोर्टावर शिक्का बसला: गृहिणी, कामाची परवानगी नाही. राजन तिचा स्पॉन्सर. म्हणजे ती या देशात कोण, तर राजनची बायको. एवढंच!

सुरुवातीला तिला त्याची गंमतच वाटली. सकाळी राजन ऑफिसला आणि अवनी शाळेत गेली की ती कुकर लावायची आणि शिट्ट्यांच्या मधल्या वेळात शेजारच्या खैरुन्निसाभाभींना रोम सांगायची. भाभी श्रीवर्धनच्या. त्यांचे मियाँ, गनीभाई, खालीच छोटं किराणा दुकान चालवायचे. भाभींना पाच पोरं, दुपारची डुलकी आणि दुसऱ्याच्या घरातल्या भानगडी या तीन गोष्टी प्रिय. रोममध्ये तिसरीचा नुसता सुकाळ होता.

"मग त्या राणीनं नवऱ्याला खरंच विष घातलं?" भाभी डोळे मोठे करून विचारायच्या.

"तसं लिहिलंय खरं. पण लिहिलं कुणी? पुरुषांनी. ते पण ती मेल्यावर," सुचित्रा लसूण सोलत सांगायची. "भाभी, त्यांच्या इतिहासात बाईला दोनच कामं. घरात बसून लोकर कातायची, नाहीतर कुणाला तरी विष घालायचं. लोकर कातली की थडग्यावर कौतुक कोरायचे, 'घर सांभाळलं, लोकर कातली'. आणि राजाला पाडायचं असलं की आधी त्याच्या बायकोला नाहीतर आईला बदफैली ठरवायचे. नीती बायकांची आणि गादी पुरुषांची, असा सगळा कारभार."

"आमच्या गावात पण हाच कारभार," भाभी म्हणायच्या आणि कोलंबीचं कालवण बघायला पळायच्या.

अशी तीन वर्षं निघून गेली. गंमत वाटायची बंद झाली. लसणीला कान नसतात आणि भाभींना पाच पोरं. सुचित्राला वर्ग हवा होता. फळ्यावरचा खडू, मागच्या बाकावरची कुजबूज, 'मॅम, धिस वोंट कम इन द एक्झाम, ना?' हेसुद्धा हवं होतं. राजन कामावरून आला की ती दिवसभराचं साठलेलं त्याच्यावर ओतायची आणि तो बिचारा सातव्या मिनिटाला घोरायचा.

आणि तेव्हाच एका भारतीय शाळेत नववीला इतिहास शिकवायला बाई हवी असल्याचं कळलं. ती गेली, भेटली, त्यांनी पसंत केली. फक्त एक गोष्ट. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला कामावर घ्यायचं तर नवऱ्याची एनओसी हवी. 'माझ्या पत्नीने नोकरी करण्यास माझी हरकत नाही', खाली सही. टायपिंग सेंटरवरचा मल्याळी टायपिस्ट तसली पत्रं डोळे मिटून बडवायचा. सुचित्रानं ते टाईप करून आणलं आणि राजनच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं.

राजन नाही म्हणाला नाही. तोच तर वैताग! नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. तो म्हणाला, "करू की गं. एवढं प्लांटच्या शटडाऊनचं काम संपू दे." मग म्हणाला, "रमादान होऊन जाऊ दे." मग अवनीला कांजिण्या आल्या. कागदावर आमटीचा डाग पडला, सुचित्रानं नवा कागद आणला. शाळेनं कळवलं, या महिन्याअखेर पत्र द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या बाईंना घेतो.

त्याच सुमारास मराठी मंडळाचं हळदीकुंकू आलं. मंडळाचे सेक्रेटरी वासुदेवराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही प्रोफेसर ना? वाण लुटायच्या आधी वीस मिनिटं काहीतरी संस्कृतीबद्दल बोला." कुणाच्या संस्कृतीबद्दल, ते बोलायचं राहिलं. ही त्यांची चूक.

हळदीकुंकू बायकांचं, पण गाड्या चालवायचे नवरे. त्यामुळे हॉलच्या मागच्या रांगेत नवरेमंडळी समोसे खात बसलेली. सुचित्रा उभी राहिली. जरीची काठापदराची साडी, हातात कागद नाही. म्हणाली, "मैत्रिणींनो, रोममध्ये बाई कितीही शिकलेली, कितीही श्रीमंत असो, वडील वारले तरी ती मोकळी नसे. तिच्यावर एक पालक नेमलेला असे. जमीन विकायची, पालकाला विचारा. मृत्युपत्र करायचं, पालकाला विचारा. त्यानं 'हो' म्हटल्याशिवाय तिची सही म्हणजे शून्य."

पहिल्या रांगेतून अवनीच्या वर्गातल्या सिद्धांतची आई रंभा मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, म्हणजे एनओसी!"

हॉल असा फुटला की काय सांगावं! बायका एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारून हसायला लागल्या. कुणाची ड्रायव्हिंग लायसन्सची एनओसी अडलेली, कुणाची नोकरीची. सुचित्राला चेव चढला. तिनं सांगितलं की पुढं एका बादशहानं कायदा केला, तीन मुलं झाली की बाई पालकाच्या ताब्यातून मोकळी. ("तीन? मग माझी पाच झालीत, दोन उसनी देऊ का कुणाला?" खैरुन्निसाभाभी तिथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या.) तिनं सांगितलं की एकदा युद्धाच्या खर्चासाठी श्रीमंत बायकांवर कर बसवला, तेव्हा एका मोठ्या वकिलाची मुलगी भर चौकात उभी राहून म्हणाली, राज्य चालवण्यात आम्हाला वाटा नाही, मग तुमच्या भांडणांचा खर्च आम्ही का द्यायचा? आणि त्यांना त्या करातला बराचसा मागं घ्यावा लागला. टाळ्यांनी तिळगूळ सांडले.

मागच्या रांगेत समोसे थंड झाले. वासुदेवराव राजनच्या कानाशी लागले, "वर्तक, वहिनींना जरा सांगा हो. संस्कृतीचा कार्यक्रम होता, हे काय काढलं?" राजननं हातातला समोसा ताटलीत ठेवला. घरी येताना तो गाडीत गप्प होता. अवनी मागच्या सीटवर झोपलेली. सुचित्राला वाटलं, मेलं, आता ती नोकरी गेली आणि वर अबोला मिळाला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सुट्टीच्या दिवशी भाभींकडचं सुरमईचं कालवण वर्तकांकडे यायचं, आणि राजन त्याची वाट बघत सकाळपासून उपाशी बसायचा. त्या दिवशी भाभी आल्या, भांडं टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"राजनभाई, सही का नाय करत?"

"भाभी, तसं काही नाही..."

"मग कसं आहे ते सांगा. कालवण गरम आहे, मला घाई नाय."

राजननं भांड्याकडे बघितलं. मग एकदम म्हणाला, "ऑफिसात म्हणतील, वर्तकचा पगार पुरत नाही. बायकोला कामाला लावलं."

सुचित्राच्या हातातली वाटी तशीच राहिली. हे? हे कारण? ती आपली शटडाऊन, रमादान आणि कांजिण्या यांच्याशी झुंजत होती, आणि हा माणूस चार टायवाल्यांना घाबरत होता. तिला राग आला, आणि त्या रागातच त्याची कीवही आली. हे त्याला सांगताना किती लाज वाटली असेल ते त्याचे कान लाल झाले त्यावरून दिसत होतं.

"आमच्या यांना पण लोक काय बाय बोलतात," भाभी म्हणाल्या. "हे कुणाला उधार द्यायचे थांबलेत काय? लोकांना बोलू द्या. यल्ला, चला, पेन काढा."

राजननं सही केली. भाभींनी हात उचलला. त्यानं पोटभर जेवून ढेकर दिला आणि म्हणाला, "तुझं ते रोम काल छान होतं हं. मी घाबरलो, पण छान होतं." सुचित्रा त्या रात्री हसत झोपली.

शाळेत तिचं बस्तान असं बसलं की विचारू नका. नववीची मुलं तिच्या तासाला घंटा वाजायच्या आधी येऊन बसायची. दोन-तीन वर्षांत शाळेनं तिला स्वतःच्या व्हिसावर घेतलं. आणि मग २००२ मध्ये राजनच्या कंपनीचं कंत्राट गेलं, निम्मी माणसं घरी बसली, त्यात राजनही. नोकरी गेली की व्हिसा गेला. शिक्षिकेला नवऱ्याला स्पॉन्सर करता यायचं, तेव्हा सुचित्रानं सगळे कागद भरले आणि राजनच्या पासपोर्टात नवा शिक्का आला. स्पॉन्सर: पत्नी.

राजन समजूतदारपणे घरी बसला. कुकर लावायला शिकला. मंडळात लोक 'काय गृहिणी!' म्हणून चिडवायचे, तोही हसायचा. फक्त हळूहळू जरा हळू बोलायला लागला.

सहा महिन्यांनी त्याला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात जागा मिळाली. आठवडाभर तिथल्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहायचं, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचं. फक्त व्हिसा बदलायचा तर आधीच्या स्पॉन्सरची सही हवी.

"बघते," सुचित्रा म्हणाली. "अवनीची दहावी आहे रे. तू आठवडाभर तिकडे, मी शाळेत. परीक्षा होऊ दे."

कारण खोटं नव्हतं. राजन म्हणाला, "हो, तेही आहेच." दुसऱ्या दिवशी त्यानं तिला उठायच्या आधी चहा करून दिला. संध्याकाळी तिच्या पेपरांचे गठ्ठे लावून दिले आणि तिचा मूड बघून विचारलं, "मग, काय ठरवलंस?" त्याच्या पुढच्या दिवशी उपमा. त्याच्या पुढच्या दिवशी तिच्या सासूबाईंनी पुण्याहून फोन करून 'सूनबाई' म्हणत गोड बोलून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! सुचित्रा म्हणाली, "विचार करतेय हं आई." अवनी दारातून ओरडली, "आई, जस्ट साइन इट ना!" सुचित्रानं तिला अभ्यासाला पिटाळलं. कारखान्यातून फोन आला, बुधवारपर्यंत कळवा.

मंगळवारी नववीला रोम होतं. पालक, परवानगी, तीन मुलं, तिचा ठेवणीतला तास. शेवटच्या पाच मिनिटांत दुआ नावाची एक चुणचुणीत मुलगी उठली. "मॅम, दे वेअर सो एज्युकेटेड. लॉ, रोड्स, पोएट्री. मग बायकांना का असं ठेवायचे? वेअर दे बॅड मेन?"

या प्रश्नाला सुचित्राकडे पंधरा वर्षं जुनं उत्तर तयार होतं. मालमत्ता, घराण्याचा लौकिक, नीतीच्या कल्पना. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यापुढे सकाळचा चहा आला. कपाची कड पुसून, दोन्ही हातांनी पुढे केलेला. आणि आपल्याला तो घेताना कसं गुदगुल्या झाल्यासारखं झालं होतं तेही. अवनीच्या परीक्षेचा त्या गुदगुल्यांशी काडीचा संबंध नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "वाईट नव्हते. त्यांना आवडायचं ते."

"आवडायचं?"

"दुसरा माणूस आपल्या 'हो'साठी थांबलाय, आपला चेहरा बघून बोलतोय, हे फार छान वाटतं, दुआ. इतकं छान वाटतं की माणूस त्याला चांगली चांगली कारणं शोधतो. मी करून बघितलंय."

वर्ग खो खो हसला. मॅमनी जोक केला असंच त्यांना वाटलं. सुचित्रानं डस्टर टेबलावर ठेवला, मधल्या सुट्टीत हेडमिस्ट्रेसना सांगून बाहेर पडली आणि टॅक्सीतून राजनला फोन केला: पासपोर्ट घेऊन टायपिंग सेंटरवर ये, आत्ता.

तो धावतपळतच आला. अंगात घरातला टी-शर्ट, पायात चपला. तिनं टायपिस्टचं पेन घेऊन काउंटरवर वाकून भराभर सह्या केल्या. राजननं कागद हातात घेतला, नीट वाचला आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना.

"थँक्यू गं," तो म्हणाला. "खरंच, थँक्यू."

"थँक्यू म्हणू नकोस!" ती इतक्या जोरात म्हणाली की टायपिस्टची बोटं थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता, स्वतःचाच. "तुझंच तुला दिलं, राजन. आणि तेही आठवडाभर दाबून ठेवून."

 राजननं तिच्या हातातलं पेन काढून टायपिस्टला परत दिलं.