सरड्याच्या वाटणीचं ऊन

माझ्या मुलीने, सईने, काचेच्या पेटीत गळ्याखाली काटेरी दाढी असलेला परदेशी सरडा पाळला आहे. आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही, म्हणून तिने त्याच्यासाठी अतिनील किरणांचा दिवा आणला. थोड्याच दिवसांत सरड्याचे डोळे सुजून मिटले आणि खाणंही सुटलं.

"याला काहीतरी रोग झालाय गं," मी घाबरून म्हणाले.

"रोग नाही आई, दिवा फार प्रखर आहे. शिवाय अगदी डोक्यावर आहे."

सईने तो लगेच बंद केला आणि सरड्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. मग तिने सौम्य, लांब नळीचा दिवा आणून उंचावर लावला, तोही पेटीच्या अर्ध्याच भागावर.

"उरलेल्या भागात अंधार कशाला?"

"कंटाळला की त्याला सावलीत जाता यायला हवं ना!"

माया करताना आपण भरभरून ऊन देतो. सावली ठेवायचं मात्र कुणाला सुचत नाही. माझ्या लेकीला ते सुचलं.

आज सकाळी सरड्याने दोन्ही डोळे उघडले. दिव्याखाली निवांत अंग शेकलं आणि पुरे वाटल्यावर आपल्या पायांनी सावलीत निघून गेला.