चुलीचं वय

आमची गल्ली आता गल्ली राहिली नाही, रस्ता झाली. पूर्वी यवतमाळातला ऑटोवाला आम्हाला तोंडाशीच उतरवून द्यायचा, आत शिरायचा नाही. आता दोन बस शेजारून जातील एवढी रुंदी आहे. दोन्ही बाजूंना चार-चार मजले उठले, खाली दुकानं, वर फ्लॅट. जेवायची तीन हॉटेलं झाली. त्यातल्या एका हॉटेलात काचेमागे पांढरी टोपी घातलेला माणूस उलट्या मडक्यावर लांब रोटी टाकतो आणि लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढतात. मी ती रोटी एकदा खाल्ली. जाड होती.

पातळ कशी असते ते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं ती माझ्या भिंतीला लागूनच होत होती.

माझी शेजारीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्या दोन खोल्या आमच्या घराला चिकटून होत्या. आमच्या भिंतीसमोर रस्त्याच्या बाजूला एक मोकळी पट्टी होती, तिथे तिची चूल. मातीचं मोठं मडकं उपडं ठेवायचं, खाली लाकडं. कणीक इतकी सैल मळायची की नवख्या बाईच्या हातातून ती वाहून जाईल. ती दोन्ही हातांवर कणीक झुलवायची, कोपरापर्यंत लांबवायची आणि मडक्यावर पसरायची. गल्लीतलं प्रत्येक घर रविवारी तिच्याकडे पिठाचा डबा पाठवायचं. मटण ज्याचं त्याच्या घरी शिजायचं, रोट्या मात्र तिच्याच. लग्नाच्या पंगतींना लोक तिला महागावपर्यंत घेऊन जायचे.

ते लोक बौद्ध. माझी सासू तिच्या हातचं खात नसे. सासूचं तेरावं झाल्यावर पहिल्याच रविवारी मी आमच्याही घरून डबा पाठवला आणि आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

भांडण आमचं एकच, धुराचं. माझी भिंत काळी पडायची, दोरीवरचे कपडे काळे पडायचे. मी ओरडायची, ती हसायची. म्हणायची, "वैनी, तुई भित काळी होऊन राह्यली म्हनून त पोरं जेवून राह्यले." माझ्या तोंडाला सगळी गल्ली भ्यायची, ती नाही. मी कुणाच्याही तोंडावर बोलते, कुणी विचारो न विचारो. अमक्याची सून आळशी, तमक्यानं नाल्यावर ओटा बांधला, सगळं मी चौकात सांगितलेलं आहे. खोटं मात्र बोलत नाही, असं गल्लीत माझं नाव होतं. त्या नावाचा मला अभिमान होता.

पुढे तिच्या मोठ्या मुलानं चुलीवर टिनाचं शेड टाकलं, पावसात बसता यावं म्हणून.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. टेप घेऊन माणसं आली, पांढरे पट्टे मारून गेली. ज्यांचा रस्त्याकडेचा धंदा जुना आहे त्यांना पलीकडच्या नव्या ओळीत एकेक गाळा मिळणार, असं कळलं. जुना म्हणजे किती, तर वीस वर्षांच्या वरचा. तिच्याकडे कागद कुठला असणार? चुलीला कोण पावती देतं? मग गल्लीतल्या जुन्या माणसाचं म्हणणं लिहून घ्यायचं ठरलं.

नगरपालिकेचा माणूस वही घेऊन आला तेव्हा तिनंच माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या वैनीले इचारा साहेब. ह्या खोटं बोलत नाहीत."

तो शेडखाली उभा होता. वर बघून त्यानं मला विचारलं, "हे शेड किती वर्षांचं?"

मी म्हटलं, "सात. माझ्या नातवाच्या बारशानंतर टाकलं."

त्यानं लिहिलं आणि मला वाचायला दिलं. मी चौथी शिकलेली, तिला अक्षर येत नाही. मी सगळं वाचलं. सदर टिनशेड अंदाजे सात वर्षांपूर्वी उभारलेले आहे. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मी सही केली. ती बाजूला पदराला हात पुसत उभी होती. काम झालं असं तिला वाटलं. तिनं साहेबाला चहासुद्धा पाजला.

चूल चाळीस वर्षांची आहे, हे मी बोलले नाही.

मला आठवलं नाही असं मी म्हणू शकते. वय झालेलं आहे, कुणीही मानेल. पण मला आठवत होतं. त्या दिवशी सकाळी माझी नवी फिकट साडी दोरीवर होती आणि तिच्यावर बोटभर काजळी बसली होती. साहेबानं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे ती साडी होती. मनात म्हटलं, त्यानं शेडचं विचारलं, मी शेडचं सांगते.

गाळ्यांची यादी लागली, तिचं नाव नव्हतं. ती सरळ माझ्या दारात आली.

"वैनी, तू काहून नाही सांगतलं चूल पह्यल्यापासून हाय म्हनून?"

"त्यानं विचारलंच नाही."

ती म्हणाली, "इचारल्याबिगर तुले बोलता येत नाही, हे मी आजच पाह्यलं."

पाठीमागे नळावरच्या बाया हसल्या. मीही तिच्या जागी असते तर हेच बोलले असते. पण मला राग आला आणि मी दार लावून घेतलं. त्या रागात मी पंधरा दिवस घालवले. मग कचेरीत गेले. म्हटलं, माझं म्हणणं अर्धं लिहिलंय, उरलेलं लिहून घ्या. खुर्चीवरच्या माणसानं कागद काढला, सही दाखवली, विचारलं, "ही तुमचीच ना? वाचून केली ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, हरकतीची मुदत परवाच संपली.

परवा. म्हणजे राग दोन दिवस आधी उतरला असता तर झालं असतं.

मशीन आलं त्या दिवशी तिनं मडकी आधीच उचलून नेली होती. शेड निघालं, चूल एका धक्क्यात गेली. चुलीखालची माती हातभर खोल लाल भाजलेली होती. वय विचारणाऱ्यानं ती माती पाहिली असती तर माझी गरज पडली नसती. चूल नाही तर इथे राहून काय करायचं, म्हणून तिच्या मुलांनी दोन्ही खोल्या बिल्डरला दिल्या. ती मुलासोबत गावाबाहेर लोहारा भागात राहायला गेली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पट्टी मोकळी झाली तसं आमचं घर थेट रस्त्याला लागलं. माझ्या मुलानं पुढच्या खोलीचं दुकान काढलं, ते चांगलं चालतं. लोक म्हणाले, म्हातारीनं बरोबर हिशेब केला. हिशेब मी केला नव्हता. पण फायदा आम्हालाच झाला, तेव्हा लोकांना खोटं म्हणायला माझ्याकडे काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी ऑटो करून तिच्याकडे गेले. एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनला ती फुलके लाटून देते, गॅसवर. मडकी न्हाणीच्या बाजूला उपडी ठेवलेली होती. तिथे घरं दाट, धूर चालत नाही. तिनं मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसून लाटत राहिली.

मी म्हटलं, "मला आठवत होतं. साडी काळी झाली म्हणून मी बोलले नाही."

तिचं लाटणं थांबलं नाही. "मालूम हाय मले. तुई साडी मी पाह्यली नव्हती का? सांजेले धुवून द्यायले घेऊन जानार होती."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं."

तिनं फुलका गॅसवर फुगवून परातीत टाकला. मग विचारलं, "आता हे सांगून कोनाले बरं वाटन वं? मले का तुले?"

मी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "मला."

"मंग झालं न सांगून."

तिची सून चहा घेऊन आली. चहा झाला. जेवायची वेळ झाली होती, परातीत फुलक्यांची चळत वाढत होती. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. मी उठले आणि ऑटो शोधायला रस्त्यावर आले.