खिळा नसलेली भिंत

फोन प्रयोगशाळेत आला. वसतिगृहाचा फोन बंद होता, म्हणून बाबांनी कुठूनतरी आमच्या विभागाचा क्रमांक मिळवला होता, आणि मला बोलवायला आलेल्या कारकुनाच्या चेहऱ्यावरूनच मला बातमीचा अंदाज आला. बाबांनी प्रस्तावना केली नाही. "अरविंद गेला," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "तू धावपळ करू नकोस. पोचणार नाहीस." ते बरोबर होतं. बंगलोरहून डोंबिवलीला अंत्यविधीपूर्वी पोचणं शक्यच नव्हतं. मी फोन ठेवला आणि ज्या उपकरणाची जुळणी अर्धवट सोडून आले होते त्याच्यापुढे परत जाऊन बसले. टेबलाच्या काचेखाली मराठी दिनदर्शिकेचं पान होतं. काकू दरवर्षी टपालाने दिनदर्शिका पाठवते. मी तिथी पाहिली. नवमी. म्हणजे खाडीला अजून भांगच असणार, पाण्याची ओढ मंदच... काका गेल्याचं कळल्यावर माझ्या मेंदूने केलेलं पहिलं काम हे होतं, आणि ही सवय काकानेच लावलेली होती.

अरविंदकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या आरेखन विभागात तो ड्राफ्ट्समन होता. राहायला डोंबिवलीत, दोन खोल्यांत, तो आणि नलूकाकू, मूलबाळ नाही. कुणालाही न आवडणाऱ्या तीन गोष्टी त्याला आवडत: कोणतंही थिएटर लावणार नाही असे चित्रपट, कोणीही गाणं म्हणणार नाही असं संगीत, आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्याचा फुटबॉल संघ. घरात ह्या तिन्हींना मिळून 'अरविंदाची थेरं' असं एकच नाव होतं. क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यानंतर गल्लोगल्ली स्टंपा रोवल्या जात होत्या त्या वर्षांत हा माणूस सुट्टीच्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलाच्या मैदानाकडेला उभा राही आणि घसा बसेपर्यंत ओरडे. तो संघ त्याला कसा सापडला हे त्याने मला एकदा सांगितलं होतं. कारखाना सुटल्यावर डोकं उठलं म्हणून तो खाडीच्या दिशेने चालत गेला; तिथे वीसेक मुलं अनवाणी खेळत होती, आणि चेंडू काठच्या तिवरांच्या झाडीत गेला की एकजण कमरेइतक्या चिखलात उतरून तो शोधून आणेपर्यंत बाकीचे हसत उभे राहत. "इतक्या निवांतपणे हरणारी माणसं मी पाहिली नव्हती," काका म्हणाला.

ती माणसं हरत, त्याला मात्र कारण होतं, आणि ते काकाने शोधून काढलं. कोळीवाडा तारखेवर चालत नसे, तिथीवर चाले. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ओढ वाढते. तेव्हा होड्या बाहेर पडतात, जाळी लागतात. अष्टमीच्या सुमाराला ओढ मंदावते. तो भांग. जाळी घरी, माणसं घरी, मैदानही कोरडं. आपसातले सामने म्हणूनच सप्तमी ते नवमीच्या दरम्यान होत. स्पर्धा मात्र छापील तारखांवर होत, आणि उधाणात सामना आला की निम्मा संघ पाण्यावर आणि उरलेले, म्हणजे शाळकरी पोरं आणि एक दम्याचे आजोबा, मैदानावर. काका पंचांग घेऊन आयोजकांच्या नौपाड्यातल्या कार्यालयात गेला. मी दहा-अकरा वर्षांची असेन, बरोबर होते. त्याने शांतपणे सगळं समजावलं. आयोजक गृहस्थांनी चष्मा काढला. "अहो साहेब, ही फुटबॉलची स्पर्धा आहे. सत्यनारायण नाही, मुहूर्त बघून घालायला." जिना उतरताना काका मात्र खुशीत होता. "मुद्दा त्यांना पटलाय," तो मला म्हणाला, "फक्त कबूल करता येत नाहीये." तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, आणि पाण्याला खाडी चढून यायला उशीर होतो म्हणून ठाण्याला त्यात थोडी भर घालायची, हे मला त्याने त्याच दिवशी परतीच्या वाटेवर शिकवलं. पुढे पदवीच्या वर्गात भरती-ओहोटीची समीकरणं आली तेव्हा मी ती त्या पाऊणपटीशी ताडून पाहिली होती. फरक फार नव्हता.

चित्रपटांचं वेड त्याने मला कल्याणात लावलं. तिथल्या एका शाळेच्या सभागृहात महिन्यातून एकदा परदेशी चित्रपट दाखवत. काका प्रोजेक्टर चालवणाऱ्यांपैकी एक होता. मला आठवतो त्या चित्रपटात एक माणूस नदीकाठी होडीची वाट पाहत बसलेला होता. बराच वेळ बसलेलाच होता. "काका, होडी का येत नाही?" मी विचारलं. "येईल. तोवर पाणी बघ." होडी आली की नाही ते मला आठवत नाही, पाणी आठवतं. संगीताचंही तसंच. रेडिओच्या लघुलहरींवर खरखरीतून येणारे कुठल्यातरी वाळवंटातले ढोल तो कॅसेटवर धरून ठेवी. कोळीवाड्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये एक क्लॅरिनेट वाजवणारे होते. मिरवणुकीतलं त्यांचं वाजवणं काकाला ऐकवत नसे, पण दुपारी ते एकटे पडवीत बसून सूर लावत ते त्याने तासन्‌तास ध्वनिमुद्रित केलं होतं. "गाणं नको, नाना. नुसता सूर." नाना म्हणायचे, "गान्याचे पैसे देतान लोक. सुराचं कोन देतंय?"

ही तिन्ही वेडं एकत्र आली ती अशी, की काकाने संघाची फिल्म करायला घेतली. आठ मिलिमीटरचा एक जुना कॅमेरा त्याने कुणाकडून तरी मिळवला होता. तीन-चार मिनिटांची रिळं; तीही परवडतील तेव्हा. गोष्ट नाही, संवाद नाही. उधाणात बुडालेलं मैदान आणि पाण्यावर नुसते उभे दोन गोलपोस्ट; ओहोटीनंतर चिखलावर उमटलेले पक्ष्यांचे पाय, आणि त्यांच्यावरून धावत जाणारे माणसांचे. आवाज तो वेगळा, टेपरेकॉर्डरवर धरी. ती कॅसेट मागाहून जुळवायची होती. संघाचा गोलकीपर हिराजीदादा म्हणजे ह्या फिल्मचा नायक. काकाने त्याला सांगितलं होतं, फिल्म पुरी झाली की सगळ्या संघाला डोंबिवलीला आपल्या घरी घेऊन जायचं आणि भिंतीवर दाखवायची. त्यासाठी बाहेरच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत त्याने राखून ठेवली होती. पांढरा रंग, आणि तिला एकही खिळा नाही. देव स्वयंपाकघरात, दिनदर्शिका दाराच्या मागे. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "माझ्या माहेरचं घड्याळ ट्रंकेत टिकटिकतंय. ह्यांच्या भिंतीला खिळा सोसत नाही."

"काका, आमी कंदी दिसनार?" हिराजीदादा दर भेटीत विचारी. "जेवरा झालाय तेवरा दाखवा ना."

"अर्धं ड्रॉइंग टेबलावरून उठत नाही, हिराजी."

ही त्याच्या कामाची शिस्त होती. आरेखन पूर्ण झाल्याशिवाय, शेवटचं माप टाकल्याशिवाय ते कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही. एरवी ही शिस्त चांगली असते. मीही तीच पाळते. फिल्मला शेवट नव्हता, कारण संघ कधी जिंकतच नव्हता, आणि काकाला शेवट जिंकण्याचाच हवा होता. बाकी सगळ्या बाबतींत त्याला काही न घडणारं आवडे. हा एकच हट्ट. वर्षं गेली. मी शाळेतून महाविद्यालयात गेले. आणि मग एका वर्षी अंतिम सामना योगायोगाने सप्तमीला आला. सगळा कोळीवाडा मैदानावर होता. समोरचे लोक "ए मच्छी, होडी इकडे लाव" म्हणून चिडवत होते, आणि आमच्या बाजूच्या बायका त्यांना जे ऐकवत होत्या ते इथे लिहिता येणार नाही. एका गोलने जिंकलो. हिराजीदादाने शेवटचा फटका आडवा पडून अडवला तेव्हा काकाच्या हातात कॅमेरा चालू होता, आणि काका रडत होता... "मिळाला," तो म्हणाला. "शेवट मिळाला. दिवाळीत दाखवतो."

रिळं डोंबिवलीच्या घरात नव्हती. हे मला आजही कुणाला समजावून सांगताना जड जातं. काकाचं म्हणणं असं, की फिल्म त्याची नाही, संघाची आहे. संघाचे चेंडू, जाळी, ढाल जिथे, तिथेच ती. मैदानाच्या कडेला संघाची एक विटांची खोली होती. उधाणाचं पाणी कधीकधी तिच्यात शिरे. म्हणून काका दर मोठ्या उधाणानंतर भिंतीवर पाण्याची रेघ आखून ठेवी. पट्टी लावून, सरळ, बारीक, जशी कागदावर आखतो तशी. अनेक पावसाळ्यांच्या रेघा होत्या. सर्वांत वरच्या रेघेपासून हातभर उंचीवर त्याने फळी ठोकली, आणि तिच्यावर रिळांचे डबे. नवं रीळ धुऊन आलं तेही त्याने तिथेच, बाकीच्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. जोडणी पावसाळ्यानंतर.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या दलदलीत भराव पडायला लागला होता. तिवरं तोडली, मुरूम आणि डबर यायला लागलं, इमारतींचा फलक लागला. श्रावणातल्या पौर्णिमेला उधाण आणि पाऊस एकत्र आले. पूर्वी जे पाणी दलदलीत पसरत असे त्याला आता जागा नव्हती. ते मैदानावर चढलं, आणि खोलीत फळीच्याही वर गेलं. काकाच्या नोंदी अचूक होत्या. मी त्या नंतर स्वतः जाऊन पाहिल्या. एकही रेघ चुकलेली नव्हती. पण त्या ज्या खाडीच्या होत्या ती खाडीच आता राहिली नव्हती. विज्ञानात ह्या प्रकारच्या चुकीला नाव आहे, आणि परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहून गुणही मिळवले आहेत. त्या खोलीत उभं राहून ते नाव आठवताना मला स्वतःच्या शिक्षणाचा फारसा अभिमान वाटला नाही.

डबे घरी आणले तेव्हा झाकणं गंजून बसली होती. फिल्मवरची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते; खाऱ्या, घाण पाण्यात तो थर फुगतो आणि सुटतो. मी काकाला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने काकूची पिठाची परात घेतली, स्वच्छ पाणी भरलं, आणि नव्या रिळाचं टोक त्यात बुडवून उजेडाकडे धरलं. एका चौकटीत, नखाएवढा, आडवा झेपावलेला हिराजीदादा होता. दिसत होता. काकाने अंगठ्याने हलकेच पाणी निपटलं, तसा तो सरकला... आणि परातीत उतरला. पाण्यात काळपट साय तरंगत होती आणि काकाच्या हातात स्वच्छ, पारदर्शक पट्टी होती. काकू म्हणाली, "अहो, राहू द्या आता." तो राहू देईना. संध्याकाळ होईपर्यंत त्याने प्रत्येक रीळ तसं धुऊन पाहिलं.

पुन्हा करू, असं तो त्यानंतर काही दिवस म्हणाला. पुढच्या वर्षी मैदानच भरावाखाली गेलं. संघ मोडला, कुणी रिक्षा घेतली, कुणी बाजारात लागला. काका कल्याणला जायचा थांबला. मग त्याला खोकला सुरू झाला, आणि तो कशाचा आहे हे कळलं तेव्हा करण्यासारखं फार थोडं शिल्लक होतं. दिवाळीत मी त्याला शेवटची भेटले. तो कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला बंगलोरच्या कामाबद्दल नीट प्रश्न विचारले, एका उत्तरातली ढिलाई पकडलीही. निघताना म्हणाला, "मी त्यांना अर्धी दाखवायला हवी होती गं."   आता लोक भेटायला येतात, म्हणतात, आठवणी तर कुणी नेत नाही ना. हे विधान तपासल्यावर टिकत नाही. माझी आठवण दर खेपेला थोडी बदलते हे मला माहीत आहे. हिराजीदादाने चेंडू डावीकडे झेपावून अडवला की उजवीकडे, ते मला आजच खात्रीने सांगता येत नाही. ते जिथे नोंदलेलं होतं ती जागा परातीत गेली.

तेराव्याला मी डोंबिवलीला आले होते; त्यानंतर दोन दिवसांनी हिराजीदादा आला. केस पिकलेले, बरोबर कुणी नाही. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. बाबांनी काकाची तसबीर चौकट करून आणली होती. ती कपाटाला टेकवून ठेवलेली, कारण कुठे लावायची ते काकू सांगत नव्हती. हिराजीदादाने तसबिरीला हात जोडले आणि वळून पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं.

"हीच का ती?"

"हीच," काकू म्हणाली.

तो जवळ गेला. तळहात भिंतीवर सपाट ठेवला, जसा होडीच्या फळीवर ठेवतात. "काकू, आमी आमाला खेलताना कंदी बगितलाच नाय," तो म्हणाला.

कॅसेट घरी होती, म्हणून वाचली होती. काकूने टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला. ते स्टूल काकाने प्रोजेक्टरसाठी करून घेतलेलं. आम्ही चौघं जमिनीवर बसलो, आणि कुणी न सांगता सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो. वारा, चेंडूवर पडलेला पाय, नानांचा एकच लांब सूर. बायकांच्या शिव्या. मग चेंडू आपल्यावर सोडायला सांगणारा एक तरणा, मोकळा आवाज: "मागं बग, मागं! सोर मना!" हिराजीदादा दचकला. तो आवाज त्याचा होता. जल्लोष झाला, आणि त्यातून अगदी जवळून काका म्हणाला, "मिळाला." पुढे नुसती खरखर. आम्ही ती बाजू संपेपर्यंत ऐकली. भिंत पांढरीच होती.

हिराजीदादा गेल्यावर काकूने कॅसेट काढून डबीत घातली. मग बाबांना म्हणाली, "भाऊजी, हातोडी आणता का?" बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आणली. तिने बोट टेकवून भिंतीच्या बरोबर मध्यावरची जागा दाखवली. पहिल्या घावाला गिलाव्याचा टवका उडाला... मी तो उचलून खिशात टाकला, का ते सांगता येणार नाही. काका आता त्या भिंतीवर आहे. चौकटीतून तो समोरच्या स्टुलाकडे पाहतो, आणि स्टुलावर काही नाही.