लक्ष्मी गेटला न थांबलेली बस

एका वृद्ध माणसाला मी जाणूनबुजून रस्त्यावर ताटकळत ठेवले आणि दोष दुसऱ्यावर ढकलला. हे वाक्य मी बरीच वर्षे कुणापाशी बोललो नव्हतो, पत्नीपाशीही नाही. या सदरात वाचक आपापले अतर्क्य अनुभव पाठवतात. माझाही अनुभव त्याच जातीचा आहे, परंतु तो या कबुलीशिवाय सांगता येत नाही, म्हणून ती आधीच लिहून टाकली.

मी दंतवैद्य आहे. पन्नाशी उलटली. आमचे घराणे झाशीत इतक्या पिढ्या आहे की घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी हा बदल आम्हाला जाणवतही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. 'डॉक्टर साहब, किसी की नज़र लगी है, तभी दाढ़ दुख रही है,' असे कुणी म्हणाले तर मी हसतो आणि एक्स-रे काढतो. तेव्हा पुढील मजकूर भाबड्या माणसाचा नाही, एवढे वाचकांनी गृहीत धरावे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात आमच्या दंतवैद्यांच्या संघटनेची विभागीय परिषद झाशीत भरली होती. पाहुणे सीपरी बाजारातल्या हॉटेलांत उतरले होते आणि सभागृह शहराच्या दुसऱ्या टोकाला, कानपूर रस्त्यावर. एका शाळेची बस भाड्याने घेतली होती. पाहुण्यांची ने-आण माझ्याकडे होती. हे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असेल — व्याख्यान कंटाळवाणे झाले तर लोक विसरतात, पण गाडी चुकली तर पुढची दहा वर्षे सांगत फिरतात.

उद्घाटनानंतरचे पहिले व्याख्यान डॉ. कुंटे यांचे होते. ते माझे गुरू. कॉलेजातून बाहेर पडल्यावर ग्वाल्हेरला त्यांच्या दवाखान्यात मी उमेदवारी केली. दात कसा काढायचा ते कॉलेजने शिकवले, पण खुर्चीत बसलेल्या माणसाशी कसे वागायचे ते सरांनी. 'दुखणार नाही' असे ते रुग्णाला कधीही सांगत नसत. ते म्हणत, "दुखलं की हात वर करा, मी थांबेन." आणि खरोखर थांबत. काम क्षणभराचे उरले असले तरी थांबत. आपण हात वर केला की हा माणूस थांबतो, अशी एकदा खात्री पटली की लोक हात वर करतच नाहीत, हे त्यांच्या उभ्या आयुष्याचे निरीक्षण होते आणि तेच ते मांडणार होते.

सरांचा आवाज त्या सुमारास बसत चालला होता. जेमतेम हाताच्या अंतरावर ऐकू येई. पुढच्या महिन्यात घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यांनी मला फोनवर स्वतःच सांगितले होते, "माधव, एवढं एकदा मोठ्या सभागृहात बोलून घेतो रे. मग आवाज गेला तर गेला." भाषणातला एक किस्साही त्यांनी मला ऐकवला. दतियाचा एक पहिलवान खुर्चीत बसताक्षणीच हात वर करून राहिला, आणि सर काहीच न करता शेजारी बसून राहिले, तेव्हा तो तसाच हात वर ठेवून झोपी गेला. "सांगू का हा किस्सा? पहिलवानाला वाईट तर वाटणार नाही ना?" असे त्यांनी मला विचारले होते.

सरांच्या आईकडचे लोक लक्ष्मी ताल या तलावाकाठच्या महालक्ष्मीचे पुजारी. झाशीत आले की ते लक्ष्मी गेट या जुन्या वेशीजवळच्या एका लहानशा लॉजमध्ये उतरत, म्हणजे सकाळी पायी देवीला जाता येई. मी म्हटले, "सर, सीपरी बाजारच्या हॉटेलात गरम पाणी आहे, लिफ्ट आहे."

"देवी आहे का?" सरांनी विचारले. तिथे विषय संपला. ठरले असे की बस वाकडी वाट करून लक्ष्मी गेटवरून त्यांना घेईल. मी त्यांना बजावून ठेवले होते, "तुम्ही रिक्षा-बिक्षा करू नका. जागचे हलू नका. गाडी येईलच."

आता माझ्याविषयी. माझेही व्याख्यान होते, पण दुपारच्या जेवणानंतर, छोट्या खोलीत, जेव्हा निम्मे श्रोते किल्ला पाहायला गेलेले असतात. मुख्य सभागृहातला एखादा वक्ता आला नाही तर त्याच्या जागी मी बोलावे, असे समितीने ठरवून ठेवले होते.

परिषदेच्या सकाळी दाट धुके होते. हॉटेलच्या पोर्चमध्ये बसचा ड्रायव्हर हरदास माझ्याजवळ आला. "साब, लक्ष्मी गेट वाले बाबूजी को पहले लैं कि बाद में?"

मी म्हणालो, "उधर मत जाना. वो नहीं आ रहे. सीधे चलो."

बस एवढेच. धुके आहे, तिकडे रस्ता अरुंद आहे, सरांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही, उगाच त्यांचीच शोभा होईल... ही सगळी कारणे खरी होती. फक्त ती मला नंतर सुचली.

मी प्रमुख पाहुण्यांबरोबर मोटारीने पुढे गेलो. बस बऱ्याच उशिरा पोहोचली. उद्घाटन झाले. डॉ. कुंटे प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत असे जाहीर झाले, कारण मीच तसे कळवले होते. मी बोललो. चांगला बोललो. घाबरलेल्या रुग्णाला आत्मविश्वासाने 'अजिबात दुखणार नाही' असे सांगावे, म्हणजे निम्मी भीती जाते, असा माझा मुद्दा होता. टाळ्याही पडल्या.

प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि सागरहून आलेल्या डॉ. मिश्रा उभ्या राहिल्या. त्यांची-माझी ओळख नव्हती.

"डॉक्टर साहब, आप तो ठीक उल्टी बात कह रहे हैं. बस में जो बुज़ुर्ग डॉक्टर साहब समझा रहे थे, वो तो कहते हैं कि ऐसा झूठ कभी मत बोलो. वो बैठे कहाँ हैं? उन्हीं से सुन लेते."

"कौन बुज़ुर्ग?" मी विचारले.

"अरे वही, जो लक्ष्मी गेट से चढ़े थे. मफ़लर वाले. दतिया के पहलवान का क़िस्सा सुनाया..." त्यांच्या आजूबाजूची माणसे हसली. किस्सा आठवून हसतात तशी. मागून कुणी ओरडले, "भैया, उन्हीं को माइक दे दो!"

मी वेळ संपल्याचे सांगून खाली उतरलो.

चहाच्या वेळी मी बसमधून आलेल्या एकेकाला गाठले. जबलपूरचे, कटनीचे, ओरछ्याकडचे. सगळ्यांचे म्हणणे एकच — एका जुन्या वेशीपाशी बस थांबली, एक वृद्ध गृहस्थ चढले, दाराशी उभे राहून बोलू लागले. आवाज कसा होता, असे मी मुद्दाम विचारले. "अरे साहब, खनकती आवाज़! पीछे की सीट तक साफ़ सुनाई दे रही थी." एक तरुण डॉक्टर मात्र म्हणाला की तो सीपरी बाजारपासून झोपला होता, त्याने कुणालाही पाहिले नाही. खरे सांगतो, त्या झोपाळू मुलाला मिठी मारावी असे मला वाटले.

डॉ. मिश्रांनी आणखी एक सांगितले. त्या गृहस्थांनी सर्वांना म्हटले होते की तुम्ही हात वर करा, बस थांबेल. लोकांनी हसत हसत हात वर केले आणि बस थांबली. खाली केले, चालू झाली. "ड्राइवर भी बढ़िया आदमी है, पूरा साथ दिया," त्या म्हणाल्या.

हरदास बाहेर बॉनेट उघडून उभा होता. मी विचारले, "तुम लक्ष्मी गेट गए थे?"

"काय खों जाते साब? आपई ने तौ मना करी ती."

"कोई बुज़ुर्ग चढ़े?"

"कोऊ नईं चढ़ो." मग तो जरा घुटमळला. "हओ, गाड़ी रुकी ती. दो दफ़े. हमने बिरेक नईं लगाओ. अपने आप रुकी, अपने आप चली. लगत है डीजल में पानी है. और साब, सवारी खूब हँस रईं तीं. हमने सोची हम पै हँस रए."

जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच मोटार घेऊन लक्ष्मी गेटला गेलो. धुके विरले होते. भांड्यांच्या दुकानासमोर, दुकानदाराने दिलेल्या लोखंडी खुर्चीत कुंटेसर बसले होते. मफलर, धुतलेले धोतर, वर कोट. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? मी म्हटलं, आता येईल गाडी, मग येईल..." तेच बसलेले, खरखरीत कुजबुजणे. ऐकण्यासाठी मला वाकावे लागले.

दुकानदार आतून म्हणाला, "डॉक्टर साहब, आप अब आ रहे हो? दादा सुबह से यहीं बैठे हैं. एक मिनट को नहीं उठे. हमने कहा रिक्शा करा दें, बोले नहीं, माधव की गाड़ी आएगी. और बीच-बीच में हाथ ऊपर करते थे! हमने सोचा टेम्पो रोक रहे हैं. दो टेम्पो वाले तो हमसे लड़ के गए."

सर लाजल्यासारखे हसले. "अरे, बसल्या बसल्या सगळं भाषण मनात म्हणून टाकलं. पहिलवानासकट. वाटलं, समोर माणसं आहेत. बरं झालं बघ."

मी खरे बोलायला हवे होते. त्यासाठी जागा तीच होती. मी म्हणालो, "सर, ड्रायव्हर चुकला. धुक्यात त्याला वेस सापडली नाही."

"मग रागावू नकोस त्याला," सर म्हणाले. "धुकं फार होतं." त्यांनी पुढे विचारले, "दुपारी मिळेल का रे थोडा वेळ?"

मी म्हणालो, कार्यक्रम भरगच्च आहे.

त्यांची शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचला, आवाज गेला. मी दर दिवाळीला ग्वाल्हेरला त्यांना भेटायला जात राहिलो, मिठाई घेऊन. दर वेळी खरे सांगायचे ठरवून जात असे आणि दर वेळी नुसताच परत येत असे.

बसची गोष्ट मात्र आमच्या मंडळींत पसरली आणि तिची भुताची गोष्ट झाली. झाशीच्या धुक्यात एक मेलेला डॉक्टर बसमध्ये चढतो, वगैरे. ज्यांना मेलेले म्हणत होते ते ग्वाल्हेरला रोज वर्तमानपत्र वाचत होते, आणि हे ठाऊक असलेला मी गप्प होतो. मी सर्व बाजूंनी विचार केला आहे. दुसरे कुणी वृद्ध बसमध्ये चढले असतील, तर पहिलवान त्यांना कुठून ठाऊक? सरांनी आणखी कुणाला सांगितले असेल, तर तो आवाज? सगळ्यांना भास झाला म्हणावे, तर हरदासच्या बसने ब्रेक न लावता थांबायचे कारण काय? आणि आपण कुठे गेलो होतो याची कल्पना सरांनाही नव्हती. जे घडले ते घडले, याविषयी मात्र मला तिळमात्र शंका नाही.

गेल्या हिवाळ्यात परिषद पुन्हा झाशीत झाली. सभागृहापाशी बसमधून उतरताना डॉ. मिश्रांनी मला ओळखले. केस पांढरे झाले होते, बोलणे तसेच खणखणीत.

"डॉक्टर साहब, उस दिन आप बिना जवाब दिए भाग गए थे. आज पकड़े गए. उन बुज़ुर्ग का नाम क्या था? मैं अपने छात्रों को हाथ वाली बात सिखाती हूँ. वो पूछते हैं, मैडम, ये किसकी बात है? मैं कहती हूँ, झाँसी के एक बाबूजी की. अच्छा नहीं लगता."

"डॉ. कुंटे," मी म्हणालो. त्या विषयात इतक्या वर्षांत प्रथमच खरे बोललो. "ग्वालियर में रहते हैं."

"रहते हैं?" त्या पायरीवरच थबकल्या. "मतलब... हैं? तो चलिए!"

परिषद संपल्यावर आम्ही गेलो. सर आता मुलीकडे, सुधाताईंकडे असतात. डॉ. मिश्रा त्यांच्या पाया पडल्या, निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "यही हैं." मग त्यांनी सगळे सांगितले. बस, दाराशी उभे राहून केलेले भाषण, पहिलवान, वर गेलेले हात, आणि आज सागरमध्ये त्यांच्या पद्धतीने काम करणारी मुले. सरांचे डोळे भरून आले. पण कपाळाला आठ्या होत्या. ते ओठ हलवू लागले. सुधाताईंना ते वाचता येते.

"बाबा म्हणतायत, मी त्या बसमध्ये नव्हतो. बस आलीच नव्हती." त्यांनी पुन्हा वडिलांच्या ओठांकडे पाहिले. "म्हणतायत, माधवला विचारा, त्याला ठाऊक आहे. ड्रायव्हर चुकला होता."

डॉ. मिश्रा माझ्याकडे पाहू लागल्या. सुधाताई पाहू लागल्या. सर तर माझ्या बाजूने साक्ष मागितल्यासारखे, मोठ्या विश्वासाने पाहत होते.

मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. हळू बोलायची माझी सवय आहे, पण त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो.

"सर, ड्रायव्हर चुकला नव्हता. तो मला विचारायला आला होता आणि मीच त्याला लक्ष्मी गेटला जाऊ नको म्हणून सांगितलं. धुक्यामुळे नाही. मला तुमच्या जागी बोलायचं होतं. तुम्हाला पुन्हा बोलता येणार नाही कदाचित, हे ठाऊक असूनही मी ते केलं, आणि तुम्ही दुपारी वेळ मागितलात तेव्हाही नाही म्हटलं. चूक माझी आहे, सर, सगळी माझी. मला क्षमा करा."