अटलांटिकवर उरलेले शून्य किलोमीटर

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांचे 'सत्य अनुभव' आमच्याकडे कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात असतात, आणि ते तिथे मीच ठेवलेत. तरी हे लिहितेय...

मागच्या उन्हाळ्यात बाबा रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, अर्थात बरंच इंग्रजी बोलून. बाबांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता — शेवटचं पाणी थोरल्याच्या, म्हणजे विलासदादाच्या हातून घ्यायचं. मी चमचा पुढे केला की ओठ मिटून घेत. दोन वर्षं त्यांचं सगळं मीच करत होते, हे आपलं सांगून ठेवते.

दादा न्यूयॉर्कहून निघाला होता. मुंबईपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास, पुढे नागपूर. बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते, त्यांना हे अंतर पटेना. सारखं एकच — "विलास कुठंवर आला वं?" अटलांटिकवर आहे म्हटलं की डोळे मिटून घेत. शेवटी सकाळी साडेदहाला मी सरळ खोटं बोलले.

"मौदा सोडलं, बाबा."

मौद्याहून बस तासाभरात येते, हे त्यांना पाठ. तेवढा वेळ तरी तग धरतील, इतकंच मनात होतं.

अकरा चाळीसला मी खिडकीशी उभी राहून मोबाइलवर विमान शोधत होते. मागून बाबांचा आवाज आला, एकदम स्वच्छ.

"आला का? लय उशीर केला गा."

मग घोट गिळल्याचा आवाज... वळले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ओठ ओले, हनुवटी ओली. पेला पलंगापासून चार पावलं लांब टेबलावरच होता. मी काठोकाठ भरला होता, आता अर्धा.

नर्स आली ती माझ्यावरच तापली. "मॅडम, पाणी काहून पाजलं? ठसका लागला असता तर?" मी नाही पाजलं म्हटलं. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाबांची हनुवटी पुसली.

बारा वाजता बाबा गेले.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. घाटावरून आल्यावर त्याने विचारलं, शेवटचं पाणी कोणी पाजलं? मी म्हटलं, मी. तो माझे हात धरून रडला.

तेराव्याला त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. विमानातल्या सीटसमोरचा नकाशा: चहूकडे समुद्र, मधोमध विमान, खाली 'उरलेलं अंतर ० किमी, उरलेला वेळ ०:००'. दोन मिनिटांत आकडा परत साडेनऊ हजारांवर गेला म्हणे. त्याने आपला गंमत म्हणून फोटो काढला. फोटोची वेळ मी आपल्या वेळेत करून पाहिली — तीनदा. अकरा एकेचाळीस.

बाबांचं मी समजू शकते. मौदा त्यांना मीच सांगितलं होतं. स्क्रीनही बिघडते. पण पेल्याला कोणी काय सांगितलं होतं?

दादा अजून फोनवर माझे आभार मानतो. त्याला काय सांगू — तूच पाजलंस? मला खरंच कळत नाही. पाणी कोणी पाजलं हे ठाऊक नाही... ती मी नव्हते, एवढं मात्र नक्की.