सैल घेतलेला सूट

कशेळीच्या महादूच्या सदऱ्यात दोन माणसं मावतील, अशी गावात थट्टा चालायची. धाकटा अनंता त्याच्या उलट, नुसता काडी. दोघे खाडीत रेती काढायचे. एकाने होडीत दोर धरून बसायचं, दुसऱ्याने बांबूला धरून तळाशी जायचं आणि बादली भरायची. पाळी ठरलेली होती आणि तिच्यावरून भांडण कधी झालं नाही.

एकोणनव्वदच्या थंडीत अनंताचा खोकला हटेना. त्याची बायको काशी महादूला म्हणाली की यंदा ह्यांना पाण्यात उतरवू नका. पण तळाशी जाणं बंद म्हणजे चूल बंद. कुणीतरी सांगितलं, दापोड्याला एका गोदामात मोडलेल्या जहाजांचं सामान येतं, तिथे पाण्यात घालायचे रबरी कपडे आहेत. दोघे भाऊ गेले.

गोदामवाल्याने दोन काळे सूट काढले, एक आखूड नि अंगासरसा, दुसरा मोठा. परदेशात फळीवर उभं राहून लाटांवर खेळणारे लोक हे घालतात, असं त्याने सांगितलं. थंडगार पाण्यात कुणी हौसेने खेळेल, हे दोघांना काही पटलं नाही. अनंताने लहान सूट घालून पाहिला तर त्याला हात वर करता येईना. गोदामवाला म्हणाला, "टाइट ही होता है, भाई. ढीला लोगे तो पानी भरेगा."

महादू हसला. आमच्याकडे घरात एक कपडा आला तर तो मोठ्याच्या मापाचा येतो, धाकटा बाह्या दुमडून घालतो. शिवाय सूट दोघांनी पाळीने घालायचा होता आणि लहान सूट महादूच्या गुडघ्यावर चढला नसता. मोठा घेतला. माप घेताना रबराचं शहाणपण कुणाला सुचणार? मलाही सुचलं नसतं, पण राग येतो तो येतोच.

महादूला सूट छान बसला. अनंताच्या अंगावर मात्र तो पोत्यासारखा लोंबायचा. पाण्यात गेलं की आत पाणी शिरायचं, पोटरीशी तो फुगायचा. कमरेचा दोर त्या रबरावरून घसरायचा, म्हणून एके दिवशी महादूने तो सुटाच्या खांद्याला असलेल्या कडीत बांधला. आजवर खाडीत दोर उघड्या कमरेलाच बांधला जायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा कपड्याला बांधला.

भर दुपारी अनंता तळाशी असताना दोराला हिसका बसला. महादूने ओढला. वर काळं अंग आलं. त्याने काखेत हात घालून ते होडीत घेतलं आणि ते हातातच मऊ पडलं. पाठीची चेन उघडी, बाह्यांतून पाणी वाहत होतं, आत अनंता नव्हता. सुटाचा फुगलेला पाय तळाशी कशात तरी अडकला असेल, जीव गुदमरला तसा तो सुटातून निसटला, असं जुने लोक म्हणाले. गाव दोन्ही काठ धुंडाळत राहिलं. अनंता सापडला नाही.

काशीने मात्र वेगळाच अर्थ काढला. "सुटलेत ना ते त्याच्यातून? मंग येतील. मी कुकू पुसनार न्हाय." आणि ती रोज ओहोटीला काठावर जाऊन उभी राहू लागली. वर्षं गेली तरी तिचं जाणं थांबलं नाही. चिखलात बगळा हलला तरी ती पदर सावरायची. मी हे पाहिलंय, आणि अंगावर काटा आला म्हणून वाट बदललीय.

 महादूने तळाशी जाणं सोडलं, होडी विकली, एका गोदामात हमाली धरली. बसल्या जागी हात उघडायचा नि मिटायचा. अजून रिकामं लागतं, म्हणायचा.

पुढे नव्वदच्या दशकात बरेच जण रबरी कपडे घेऊ लागले. रेतीवाला हिरामण विचारायला आला, कोणत्या मापाचा घेऊ? काशी दाराशी तांदूळ निवडत होती. महादूने हिरामणच्या मानेपासून मनगटापर्यंत हात फिरवला आणि त्या सुटाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"चिमटीत येनार न्हाय इतका घट्ट घे. काय झालाच, तर मानूस त्याच्यातच वर आला पायजे. घरच्यांना कलला पायजे का तो मेलाय."

काशीचे हात सुपात थांबले. 

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तरी ती घरातच राहिली. कपाळ मोकळं होतं. काठावर महादू उभा होता. मी त्याला म्हटलं, अरे, तो येईल हे तू तर कधीच मानलं नव्हतंस.

"न्हायच मानत," तो म्हणाला. "पन तिनं यायचा सोरला. तो आलाच, तर कुनीतरी असला पायजे ना."